अशोकाच्या सालीवरच्या अकरा ओळी

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. वैद्य कुमुदताई घळसासी माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आहेत. त्यांना जाऊन चार वर्षं आणि दोन महिने झाले.

मी पूर्ण झोपलेली नाही. पंख्याची किरकिर ऐकू येते. स्वयंपाकघरात विलासरावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, नळ सोडलेला कळतो. घर जागच्या जागी आहे. फक्त पायथ्याशी कुमुदताई आहेत. करड्या सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि गादी त्यांच्या वजनाने एका बाजूला जराशी दबलेली.

"उठू नकोस," त्या म्हणतात. "झोपेत बाई खरं बोलते."

"मी झोपलेली नाही."

"बघ. लगेच खोटं."

कुमुदताई कऱ्हाडात सोमवार पेठेत चाळीस वर्षं बायकांचा दवाखाना चालवत होत्या. मी इथल्याच एका दैनिकात एकतीस वर्षं उपसंपादक होते, त्यातली शेवटची चौदा वर्षं महिलांच्या पानावर. त्यांचा 'बुधवारचा काढा' हा स्तंभ माझ्या हातून जायचा. सहा वर्षांत त्यांनी मजकूर एकदाही उशिरा दिला नाही, आणि माझ्या हातून तो एकदा चुकीचा गेला.

इथे माझ्याबद्दलची नोंद करायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं वय चोपन्न. पाळी थांबून दोन वर्षं सात महिने झाले. काही दिवसांपासून पुन्हा अंगावरून जातं आहे. फार नाही, डाग म्हणावेत इतकंच. कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी अशोकाची साल दुधात उकळून तो काढा घेते. विलासरावांना सांगितलं आहे की गुडघ्यासाठी आहे.

"गुडघ्यासाठी अशोक?" कुमुदताई विचारतात. हे मी त्यांना बोललेली नाही. "मी जन्मात कुणाच्या गुडघ्याला अशोक दिला नाही. तुला कुणी दिला?"

"तुम्हीच."

"मी?"

"लेखात लिहिलं होतंत. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं."

"हे बरोबर आहे. पुढे?"

"पुढे नाही काही."

"दाखव."

मी उशीखाली हात घालते, आणि हात टेबलाच्या खणात जातो. खण कार्यालयातला आहे, डावीकडचा, नेहमी अडकणारा. पंख्याचा आवाज आता खालच्या छपाईयंत्राचा आहे. माझ्यासमोर पडद्यावर महिलांचं पान उघडं आहे. घड्याळात सहा चाळीस. खणात कात्रीशेजारी हिरड्याची बरणी आहे आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. कुमुदताई मुख्य उपसंपादकांच्या खुर्चीत बसल्या आहेत. पाय जमिनीला टेकत नाहीत.

"पान छपाईला कधी सोडायचं?"

"सातला."

"आणि ही काय भानगड?" त्या पडद्याकडे बोट दाखवतात. पानाच्या खालच्या बाजूला साड्यांच्या सेलची जाहिरात आली आहे. दुपारी ती नव्हती. तिच्यावर कुमुदताईंचा लेख आहे आणि लेखाच्या शेवटच्या ओळी जाहिरातीतल्या बाईच्या डोक्यावर चढल्या आहेत.

"अकरा ओळी जास्त होताहेत," मी सांगते.

"मग?"

मग काय केलं, ते मला माहीत आहे. बारा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी केलं होतं. बातमीत महत्त्वाचं वर लिहायचं आणि बाकीचं उतरत्या क्रमाने. त्यामुळे जागा कमी पडली की खालून कापायचं, वाचत बसावं लागत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि बातमीसाठी ते बरोबरच आहे. पण कुमुदताई बातमी लिहीत नव्हत्या. त्या दवाखान्यात बोलायच्या तशाच लिहायच्या. आधी औषध, मग ते करायची रीत, मग किती आणि कशाबरोबर घ्यायचं, आणि बाई उठून दारात चपला घालू लागली की सगळ्यात महत्त्वाची सूचना. आधीच का नाही सांगत, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "समोर बसलेली बाई ऐकत नसते गं. पुढे काय बोलायचं ते मनात जुळवत असते. दारात पोचली की ऐकते."

"वाच की," कुमुदताई म्हणतात. "कापायच्या आधी वाच."

त्या मंगळवारी मी वाचल्या होत्या. म्हणूनच अजून पाठ आहेत. पडद्यावर त्या मला आत्ताही दिसतात:

'कुंपणाला सरळ उंच वाढणारं, खाली झुकलेल्या लांब पानांचं झाड लावतात, ते अशोक नव्हे. त्याच्या सालीचा इथे उपयोग नाही. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर अशोक घेऊ नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तासाला कापडाची एक घडी भिजत असेल, चक्कर येत असेल, तर चूल पेटवू नये, दवाखाना गाठावा. आणि पाळी थांबून वर्ष झालेल्या बाईच्या अंगावरून एक थेंब जरी गेला, तरी काढा नको. आधी तपासणी. अशा वेळी काढ्याने रक्त थांबलं, तर ते अधिक वाईट.'

"आता काप," त्या म्हणतात.

माझं बोट डिलीटच्या कळीवर आहे. ओळी जातात. उरलेल्या शेवटच्या वाक्यापुढे मी पूर्णविराम तपासते. तो आहे. पान नीट दिसतं.

"छान दिसतंय," कुमुदताई म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही आणि त्याचाच मला त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला होता. "जगदाळे, माझ्या दारातल्या ओळी कुठे गेल्या?" राग आला की त्या मला आडनावाने हाक मारायच्या. मी म्हणाले होते, ताई, ऐनवेळी जाहिरात आली, पुढच्या बुधवारी खुलासा देते. नोकरी सोडण्याआधी मी जुन्या फायली काढून पाहिलं. पुढच्या बुधवारी खुलासा नाही. त्यानंतरच्याही बुधवारी नाही. मी विसरले होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि पुढचा स्तंभ वेळेवर पाठवला.

"किती अंक निघायचे तेव्हा?"

"अठ्ठावीस हजार."

"म्हणजे बाक पुरणार नाही."

बाक म्हणजे दवाखान्यातला लाकडी बाक. आम्ही सोमवार पेठेत आहोत. दवाखाना तोच आहे, पण बाक लांबत जाऊन मागच्या अंगणात गेला आहे आणि त्याचं दुसरं टोक दिसत नाही. बायका मांडीला मांडी लावून बसल्या आहेत. प्रत्येकीच्या हातात कात्रण आहे. काहींनी ते पुठ्ठ्यावर चिकटवलं आहे, एकीने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं आहे. सगळी कात्रणं एकाच उंचीची आहेत.

"ह्याच्या खाली काय होतं का वं?" एक म्हातारी शेजारणीला विचारते.

"न्हाई. हितंच संपतंय. टिंब दिलंय की."

"माझ्या सुनेला दिवस हाईत. तिला चालंल का?"

"चालणार न्हाई असं कुठं लिवलंय? नसलं चालत तर लिवलं असतं. पेपरवाली शिकल्याली मानसं असत्यात."

"व्हय, तेबी खरं."

त्यांच्यात भांडण नाही, भीती नाही. दोघी समाधानाने घडी घालून कात्रणं कमरेला खोचतात. मी पुढे होऊन सांगायचा प्रयत्न करते की खाली अकरा ओळी होत्या. माझ्या तोंडून आवाज येतो, पण तो छपाईयंत्राचा.

मी चेहरे पाहत जाते. एकही ओळखीचा नाही. तो लेख वाचून प्रत्यक्षात कुणाला काही झालं का, हे मला माहीत नाही. तशी तक्रार कार्यालयात आली नव्हती. आली नाही म्हणजे काही झालं नाही, असं मी म्हणू शकत नाही. झालं असंही म्हणू शकत नाही.

"पुढची," कुमुदताई आतून हाक देतात.

बाकावर मी एकटीच आहे.

त्या माझं मनगट हातात घेत नाहीत. समोर कागदाची पुडी उघडून ठेवतात. मंडईजवळच्या दुकानातून मी आणलेली साल आहे. एक तुकडा मोडून त्या उजेडाकडे धरतात, हुंगतात, जिभेवर ठेवतात.

"खरी आहे का?" मी विचारते.

"मला काय विचारतेस? मेलेल्या माणसाला चव कुठली?" तुकडा त्या परत पुडीत टाकतात. "आणताना तू विचारलंस का दुकानदाराला, कुठली म्हणून?"

"नाही."

"बातमी आणली असती तर विचारलं असतंस. कुठून आली, कुणी सांगितली, दुसऱ्या कुणाकडून खात्री केली का. पोटात घालायची वस्तू मात्र पुडी बांधून दिली की घेतली." त्या पुडीची घडी करतात. "काढ्याने काय फरक?"

"डाग कमी झालेत. गेल्या आठवड्यात दोन दिवस तर काहीच नव्हतं."

"आणि तुला बरं वाटलं."

"वाटलं."

"ताई, अशोक वाईट आहे का?" मीच पुढे घाईने विचारते. त्या काही तरी वेगळं विचारतील, अशी भीती मला वाटते आहे.

"वाईट कशाला? पस्तिशीच्या बाईला दर महिन्याला जास्त जातं, तपासून झालंय, आत गाठबीठ काही नाही, अशीला मी दिला आहे, पुष्कळींना दिला आहे. काहींना गुण आला, काहींना नाही. तुमच्या डॉक्टर लोकांना अजून पुरेसा पुरावा नाही वाटत, तेही बरोबर असेल, मोजून कुणी बघितलं आहे? पण अशोकाला तुझं वय कळत नाही, हेमा. तो फक्त जे जातंय ते थांबवू बघतो. का जातंय ते विचारत नाही." त्या चष्मा काढून पदराने पुसतात. "तुझ्या वयात ते रक्त म्हणजे आतून आलेली बातमी असते. दहापैकी नऊ वेळा साधीच असते. अस्तर सुकलेलं असतं, आत मांसाचा एखादा साधा कोंब असतो. पण दहावीसाठी दहाही उघडून बघायच्या असतात. तू काय करते आहेस? बातमी दाबते आहेस."

मला उत्तर द्यायचं आहे, पण आम्ही एस.टी. स्टँडवर उभ्या आहोत. दुपारचा उजेड आहे, फलाट रिकामे आहेत, एकही गाडी नाही. भोंग्यावरून निवेदन चालू आहे. पाटणला जाणारी, चिपळूणला जाणारी, असं म्हणता म्हणता तोच आवाज म्हणतो, कुंपणाला सरळ उंच वाढणारं झाड. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या. आणि पाळी थांबून वर्ष झालेल्या. तिथे खरखर येते. पुन्हा पाटण, पुन्हा चिपळूण, पुन्हा झाड, पुन्हा तिथेच खरखर.

"पुढचं काय आहे?" कुमुदताई मला विचारतात.

"तुम्हाला माहीत आहे."

"मला आहेच. मी लिहिलंय. तुला?"

"एक थेंब जरी गेला, तरी काढा नको. आधी तपासणी."

"म्हणजे ठाऊक होतं."

"हो."

"सगळ्या कऱ्हाडात त्या ओळी ठाऊक असलेली बाई मी गेल्यावर एकच उरली होती. तिने काय केलं? कात्रण काढलं आणि दूध आटवलं. का गं?"

स्टँडवर वारा आहे. माझ्या पायाशी कागद उडतात. मी उत्तर शोधते आणि जे सापडतं ते इतकं मूर्खपणाचं आहे की बोलताना मला लाज वाटते.

"छापलेलं नव्हतं," मी म्हणते.

कुमुदताई हसतात. दवाखान्यात त्या कधी मोठ्याने हसलेल्या मला आठवत नाहीत. इथे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. "अगं देवा. स्वतः कापलंस आणि स्वतःच म्हणतेस छापलेलं नाही."

"मला भीती वाटते, ताई."

"हं." हसणं थांबतं. "हे आधी का नाही बोललीस?"

"माझ्या मावशीला याच वयात झालं होतं. गर्भाशयाचं. आठ महिन्यांत गेली. तपासलं नाही तोवर काही नाही, असं वाटतं."

"तुझ्या मावशीने किती दिवस लपवलं होतं?"

"कुणालाच माहीत नाही. तिने तारीख सांगितलीच नाही."

फलाट क्रमांक तीनच्या जागी दवाखान्याचं दार आहे. नुसतं दार. आजूबाजूला भिंत नाही. उंबऱ्याशी माझ्या चपला आहेत. कुमुदताई मला उठवतात, म्हणजे मी बसलेली होते, आणि पाठीवर हात ठेवून दारापर्यंत आणतात. मी चपलेत पाय घालते.

"जा आता. पुढची बाई आत यायची आहे."

"ताई, एक सांगायचं होतं."

"बोल."

"मला डाग जाताहेत."

"कधीपासून?"

"दोनतीन आठवडे झाले असतील."

"झाले असतील?" त्या दारात आडव्या उभ्या राहतात. "जगदाळे, शिकाऊ वार्ताहराने असं लिहून आणलं तर तू काय करायचीस?"

"परत पाठवायचे."

"मग तारीख."

मी रोज डायरी लिहिते. दूधवाल्याने खाडा केलेला दिवस त्यात आहे, पाणी उशिरा आलं ती वेळ आहे. ही तारीख त्यात नाही. पण ती मला आठवत नाही, असं नाही. त्या दिवशी मी न्हाणीघरात किती वेळ उभी होते, बाहेर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, तेही आठवतं.

"बोलू नकोस नुसती," कुमुदताई म्हणतात. "लिही. बोललेलं तू उद्या नाकारशील."

त्यांचा चेहरा आता नीट दिसत नाही. दारातून उजेड फार येतो आहे. मी लिहिते. कशावर, ते कळत नाही. खालचा पृष्ठभाग मऊ आहे, शाई लगेच पसरते आणि मला आकडा दोनदा गिरवावा लागतो.

तीन वाजून पाच मिनिटं. मी जागी आहे. पायथ्याशी कुणी नाही आणि गादी सपाट आहे. उजव्या हातात बॉलपेन आहे. झोपण्याआधी मी ओळखीच्या एकांच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते, ती खाली पडली आहेत. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर, माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत लिहिलं आहे: १९ जून. एकचा आकडा दोनदा गिरवलेला आहे. शाई आरपार गेली आहे.

विलासराव चहाचे कप घेऊन दारात उभे आहेत.

"हे काय? अभ्र्यावर कशाला लिहितेस? कसली तारीख आहे?"

"त्या दिवशी मला पुन्हा अंगावरून गेलं. अडीच वर्षांनी."

कप ते खिडकीत ठेवतात.

"आज पाच ऑगस्ट."

"हो. सत्तेचाळीस दिवस."

"आणि ते गुडघ्याचं औषध?"

"गुडघ्याचं नाही."

"तरीच म्हटलं, गुडघा दुखतो म्हणतेस आणि माळ्यावर चढून डबे काढतेस." ते पलंगावर बसतात. खाली पडलेली प्रुफं गोळा करून बाजूला ठेवतात. मग म्हणतात, "चप्पल घाल. चहा राहू दे."

पाच ऑगस्टलाच संध्याकाळी सहा वाजता स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं. पहिला प्रश्न तारखेचा होता. दुसरा, काही औषध घेतलं का. साल आणि दुधाचं प्रमाण मी सांगितलं. त्या म्हणाल्या, काढ्याने काही बिघडवलं असं मी म्हणत नाही, पण तो आज बंद करा, आणि मधे सत्तेचाळीस दिवस गेले एवढं लक्षात ठेवा. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी नऊ मिलिमीटर आली. या वयात चारपेक्षा जास्त असली आणि रक्त जात असलं, तर तुकडा काढून तपासतात. सात ऑगस्टला तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल पाच दिवसांत मिळेल असं सांगितलं होतं.

आज बारा ऑगस्ट. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या तरुणीने नाव विचारलं, कागद चाळले आणि म्हणाली, मॅडम, तुमचा अहवाल अजून तयार नाही, डॉक्टरांनी त्याच तुकड्याचे आणखी काप घेऊन बघायला सांगितले आहेत. याचा अर्थ काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते मला सांगता येणार नाही, कधी कधी सांगतात तसं. किती दिवस लागतील, असं विचारलं. ती म्हणाली, शुक्रवारी फोन करा.